रॅलीत कंपन्या येतात कशाला आणि जातात कशाला

2025 च्या जानेवारीतली गोष्ट, सोलापूरच्या होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा अजून उठली नव्हती. भाचा राहायला आलेला, मी मोबाईलवर मॉन्टे कार्लो रॅली, म्हणजे गाड्यांची शर्यत, बघत बसलेलो, तर तो शेजारी येऊन बसला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मामा, ह्यात टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्ड एवढ्याच का? बाकीच्या कंपन्या कुठायत?" मी सांगायला लागलो आणि रात्रीचे साडेबारा वाजले. तेव्हापासून डोक्यात होतं की हे एकदा नीट लिहून काढायचं, कारण प्रश्न लई चांगला होता, आणि उत्तर ड्रायव्हरमध्ये नाही, रस्त्यात नाही, नियमाच्या पुस्तकात आहे.

ज्यांनी रॅली बघितलीच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ट्रॅकवर गोल गोल फिरणं म्हणजे रॅली नव्हे. डोंगरातला, जंगलातला, बर्फातला खरा रस्ता थोडा वेळ बंद करतात, एकेक गाडी एकटी सोडतात आणि घड्याळ लावतात, ज्याचा एकूण वेळ कमी तो जिंकला. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर वळणं वाचून सांगत असतो. जागतिक स्पर्धा म्हणजे डब्ल्यूआरसी 1973 ला सुरू झाली. आणि महत्त्वाचं म्हणजे गाडी दिसायला तरी शोरूममधलीच असते, म्हणून कंपन्यांना ह्यात रस. फॉर्म्युला वनची गाडी कोण विकत घेणार, पण रविवारी रॅली जिंकलेली गाडी सोमवारी शोरूमला उभी असते.

आता नियम म्हणजे काय ते आपल्या सोलापुरी पद्धतीने सांगतो. आमच्या घरचा टॉवेलचा कारखाना होता, यंत्रमाग. बाहेरची एक पार्टी यायची, माप ठरवून द्यायची, रुंदी एवढी, लांबी एवढी, जीएसएम, म्हणजे कापडाचं वजन, एवढा. माप एकदा ठरलं की वडील त्या हिशोबानं सूत उचलायचे, बीम, म्हणजे मागावर चढवायचे सुताचे मोठे रूळ, भरून घ्यायचे, डिझाईनची कार्डं पाडायची, मग माग चालू. एका वर्षी निम्मा माल निघाल्यावर त्या पार्टीने रुंदीच बदलली. मागावर चढलेले बीम उतरवायचे म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहिती, आणि तयार पडलेला माल घेणार कोण? वडिलांनी त्यानंतर त्या पार्टीचं काम कधीच धरलं नाही, पुढं चांगला भाव देत होते तरी. अवघड मापाला वडील कधी घाबरले नाहीत, उलट अवघड माप आलं की त्यांना जोर चढायचा. मधेच बदलणाऱ्या मापाला मात्र ते लांबून नमस्कार करायचे.

रॅलीतल्या गाडी कंपन्यांचं मला शंभर टक्के असंच वाटतं. कंपनी यायच्या आधी तीन हिशोब करते. ह्या नियमात बसणारी गाडी मी विकू शकतो का? जिंकेपर्यंत किती पैसा जाईल? आणि पैसा वसूल होईपर्यंत नियम टिकेल का? तिसऱ्या हिशोबात गडबड झाली की पहिले दोन कितीही चांगले असू देत, दार बंद.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, होमोलोगेशन. साधा अर्थ असा की जी गाडी तू स्पर्धेत आणणार तिच्यासारख्या एवढ्या एवढ्या गाड्या आधी बनवून दाखव, मगच तिला प्रवेश. हा "एवढ्या" चा आकडा बदलला की अख्खा खेळ बदलतो.

सत्तरच्या दशकात ग्रुप 4 नावाची कॅटेगरी होती आणि आकडा होता चारपाचशे गाड्यांचा. लॅन्सियाने विचार केला की चारपाचशेच बनवायच्यात ना, मग फॅमिली कारला सुधारत कशाला बसायचं, थेट रॅलीसाठीच गाडी जन्माला घालू. तीच स्ट्रॅटोस. 1974, 75, 76 अशी तीन वर्षं ओळीने कंपन्यांचं टायटल तिने नेलं.

मग 1979 ला चारी चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांना नियमाने मुभा दिली. बाकीच्यांना वाटलं जीपसारखं जड प्रकरण, कोण वापरणार. ऑडी तेव्हा बीएमडब्ल्यू, मर्सिडीजच्या सावलीत असलेली कंपनी, तिने ही एक ओळ पकडली आणि क्वाट्रो काढली, 1981 ला रॅलीत आणली, त्याच वर्षी मिशेल मुटॉन ह्या बाईंनी सानरेमो जिंकली, 1982 चं टायटल ऑडीचं. ऑडीची जी काही इज्जत आज आहे ना, तिचा पाया मातीच्या रस्त्यावर घातला गेलाय. आजही त्यांच्या गाड्यांवर क्वाट्रो लिहिलेलं असतं.

1982 ला आला ग्रुप बी, आणि इथं मला थोडं थांबायचंय. आकडा आला फक्त 200 वर. वरून आणखी सूट अशी की त्या 200 नंतर अजून जहाल सुधारणा करायची असेल तर फक्त 20 गाड्या बनवा, बास. कंपन्यांच्या इंजिनिअरांना ह्याहून मोठी मोकळीक कोणी दिली नसेल. प्युजोने 205 टर्बो 16 काढली, नावाला छोटी 205, आत बघायला गेलं तर इंजिन मागच्या बाजूला आणि चारी चाकं ओढणारी. लॅन्सियाची डेल्टा एस4 तर वजन 890 किलो आणि त्यात टर्बो पण, सुपरचार्जर पण, दोन्ही इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारी. तिच्या इंजिनचा साईझ 1759 सीसी का, तर नियमात टर्बो इंजिनला 1.4 ने गुणायचे, गुणून बघा, 2500 च्या जरा खाली येतं, आणि 2500 च्या खालच्या गाडीला हलकं राहायची परवानगी होती. म्हणजे इंजिनचं माप इंजिनिअरने काढलं नाही, नियमाने काढलं. हे मला कळलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर काढून खरंच गुणाकार करून बघितला होता.

पण मोकळीक दिली ती फक्त गाडीला. लोक रस्त्याच्या कडेला नाही, रस्त्यातच उभे असायचे, गाडी जवळ आली की बाजूला सरकायचे, आणि गाड्यांची ताकद तर 450-500 हॉर्सपॉवरवर गेलेली. मार्च 1986 ला पोर्तुगालमध्ये एक फोर्ड आरएस200 गर्दीत घुसली, तीन प्रेक्षक गेले, तीसेक लोक जखमी. मग 2 मे 1986 ला कोर्सिकात हेन्री तोइवोनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर सर्जियो क्रेस्टो ह्यांची डेल्टा एस4 दरीत जाऊन पेटली, दोघंही गेले. तेव्हाचं नियम करणारं मंडळ, फिसा, त्यांनी लगेच जाहीर केलं की 1987 पासून ग्रुप बी बंद.

ग्रुप बी बंद करणं बरोबरच होतं. माणसं मरत होती, वाद घालायचं कारणच नाही. पण कंपनीच्या बाजूने काय झालं तेही समजून घ्या. फोर्डची आरएस200 अगदी नव्याने डिझाईन केलेली, 200 बनवून झाल्या, 1986 च्या फेब्रुवारीत स्वीडनला उतरली, आणि मे मध्ये कळलं की वर्षअखेर हिचा उपयोग संपला. एमजी मेट्रो 6आर4 नोव्हेंबर 1985 ला आली, तिचंही तेच. पुढं ग्रुप एस येणार होता, फक्त 10 गाड्यांचा नियम, त्यासाठी टोयोटा, ओपेल, लॅन्सिया सगळ्यांनी गाड्या बनवायला घेतल्या होत्या, तोही रद्द. ऑडीने पोर्तुगालनंतरच ग्रुप बी मधून अंग काढलं होतं. प्युजोच्या टीमचे प्रमुख ज्याँ टॉड थेट कोर्टात गेले, आणि गाड्या घेऊन गेले वाळवंटात, डाकार रॅलीला, तिथं 1987 ते 1990 सलग चार वेळा प्युजो जिंकली. हेच टॉड पुढं 2009 ला फिसाची आई जी एफआयए, तिचे अध्यक्ष झाले.

आमच्या उतरवलेल्या बीमांची आठवण मला इथं येते. तिथं कारण पार्टीची लहर होती आणि इथं माणसांचे जीव होते, दोन्हीची बरोबरी मी करत नाही, पण मागावर अर्धवट पडलेलं सूत दोन्हीकडं सारखंच दिसतं.

1987 पासून ग्रुप ए मुख्य झाला आणि आकडा एकदम 5000 वर गेला. म्हणजे आता रॅलीसाठी खास गाडी बनवून भागत नव्हतं, 5000 लोकांना ती विकायची होती. टर्बो, चारी चाकांना ताकद, सगळं शोरूमच्या गाडीतच पाहिजे. लॅन्सियाकडं डेल्टा तयार होती, त्यांनी 1987 ते 1992 सलग सहा टायटल नेली. फ्रेंच कंपन्यांकडं तशी गाडीच नव्हती, त्या मुख्य लढतीतून बाहेर. आणि जपान्यांना मात्र हा नियम अंगाला बेतून शिवल्यासारखा बसला, कारण त्यांच्या घरच्या मार्केटमध्ये चारी चाकांच्या टर्बो सेडान घेणारी पोरं होती. 1993 पासून आकडा 2500 वर आला तेव्हा तर अजून सोपं झालं. टोयोटा सेलिका, सुबारू इम्प्रेझा, मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन, ही सगळी नावं ह्याच नियमातून आलीत. आपल्याकडं लान्सर फिरायची आठवतंय ना, तिचीच ही रॅलीवाली बहीण. नियम नसता तर इव्हो नावाची गाडी जगात आलीच नसती असं माझं ठाम मत आहे.

त्याच काळात रेस्ट्रिक्टर पण समजून घ्या, कारण पुढं लागतो. टर्बोकडं जाणाऱ्या हवेच्या वाटेवर 34 मिलिमीटर भोकाची एक रिंग बसवायची, सगळ्या गाड्यांनी तेवढ्याच भोकातून श्वास घ्यायचा, म्हणजे ताकद आपोआप आवरते. नाक चिमटीत धरून पळायला सांगितल्यासारखं. तपासायला सोपा, स्वस्त नियम. 1995 ला टोयोटाच्या टर्बोत अशी करामत सापडली की हवा रिंगला वळसा घालून आत जायची, वर्षाचे सगळे पॉईंट गेले आणि बारा महिने बंदी.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. 1997 ला वर्ल्ड रॅली कार नावाचा नियम आला. त्यात म्हटलं की शोरूमच्या गाडीत टर्बो आणि चारी चाकांची ताकद नसली तरी चालेल, गाडी मोठ्या संख्येने बनणारी असावी, 25000 च्या हिशोबाने, बाकी सगळं तुम्ही रॅलीच्या गाडीत नंतर घाला. झालं, ज्यांच्याकडं साध्या हॅचबॅक होत्या त्यांना दार उघडलं. स्कोडा, सीट, ह्युंदाई, प्युजो, सिट्रोएन, सगळे आले. ह्युंदाईची अ‍ॅक्सेंट, स्कोडाची ऑक्टेव्हिया, ह्या गाड्या आपण सातरस्त्याला सिग्नलवर बघितल्यात, त्या फिनलंडच्या जंगलात उड्या मारत होत्या.

पण ह्या नियमात एक अट होती, गाडी कमीत कमी 4 मीटर लांब पाहिजे. प्युजोला पळवायची होती 206, आणि ती होती 3.835 मीटर. मग त्यांनी काय केलं, मोठे बंपर लावून 206 ची एक खास आवृत्ती काढली, ग्रँड टुरिझ्म, बरोब्बर 4 मीटर भरेल अशी, 4000 गाड्या बनवल्या आणि विकल्या. ती 206 मग 2000, 2001, 2002 अशी तीन वर्षं चॅम्पियन.

आणि आपल्याकडं काय झालं? 2006 च्या बजेटमध्ये 4 मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला एक्साईजमध्ये सवलत आली, पेट्रोलला 1200 सीसी आणि डिझेलला 1500 सीसीची मर्यादा. मग सगळ्या कंपन्या गाडी कापायला बसल्या. 2012 ची डिझायर बघा, डिकी मागून कापल्यासारखी, लांबी 3995 मिलिमीटर. तिकडं बंपर वाढवून गाडी चार मीटरला पोचवली, इकडं डिकी छाटून चार मीटरच्या आत आणली. भाच्याला हे सांगितल्यावर तो उठून खाली गेला आणि आमच्या गाडीची लांबी टेपने मोजून आला, 3990 भरली. नियम गाडीचा आकार कसा ठरवतो हे त्याला तिथं कळलं, पुढचं मला समजवावं लागलं नाही.

1997 च्या नियमाची दुसरी बाजू म्हणजे खर्च. शोरूमच्या गाडीत काही बनवायची गरज नाही म्हटल्यावर सगळा पैसा रॅलीच्या गाडीत ओतायला लागले, इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल, भारीतले गिअरबॉक्स. जिंकायचा भाव वाढत गेला. 2005 संपता संपता प्युजो, मित्सुबिशी, स्कोडा सगळे गेले. 2008 ला सुझुकीने एसएक्स4 घेऊन पहिलं पूर्ण वर्ष केलं, आणि डिसेंबरमध्ये मंदी आल्यावर सुझुकी आणि सुबारू दोघांनी पाठोपाठ बाहेर पडल्याचं जाहीर केलं. 2009 ला उरले दोनच, सिट्रोएन आणि फोर्ड.

मग 2011 ला इंजिन 2000 सीसी वरून 1600 सीसी टर्बोवर आणलं, कारण कंपन्या रस्त्यावरच्या गाड्यांतही छोट्या टर्बो इंजिनकडं वळल्या होत्या. पहिला हिशोब जुळला, आणि फोक्सवॅगन आली पोलो घेऊन. चाकणला बनायची तीच पोलो. 2013 ते 2016 चारही वर्षं टायटल त्यांचं. ह्युंदाई 2014 ला परत आली. 2017 ला नियम जरा सैल केला, रेस्ट्रिक्टर 33 वरून 36 मिलिमीटर, ताकद 380 हॉर्सपॉवर, मोठे मोठे पंख, आणि टोयोटा यारिस घेऊन सतरा-अठरा वर्षांनी परतली. गाड्या बघायला काय सुंदर होत्या त्या.

पण नियमच सगळं ठरवतो असं म्हणून मी खोटं बोलणार नाही. फोक्सवॅगनने 2017 ची गाडी बनवून ठेवली होती आणि नोव्हेंबर 2016 ला अचानक थांबली. त्यात रॅलीच्या नियमाचा काही दोष नव्हता, 2015 ला डिझेलच्या धुराचा घोटाळा बाहेर आल्यावर कंपनीला पैसा आणि तोंड दोन्ही वाचवायचं होतं. सिट्रोएन 2019 नंतर गेली ती त्यांचा मुख्य ड्रायव्हर ओजिए टीम सोडून गेल्यावर.

आता येतो भाच्याच्या खऱ्या प्रश्नावर, तीनच का. 2022 ला रॅली1 नावाचा नियम आला, हायब्रिड. 100 किलोवॅटची मोटर, 3.9 किलोवॅट-अवरची बॅटरी, इंजिनला मदत मिळून एकूण 500 हॉर्सपॉवरच्या वर. सगळ्यांना एकाच पुरवठादाराची सीलबंद हायब्रिड पेटी घ्यायची, उघडायची नाही. आत पाईपचा पिंजरा, वर कंपनीच्या गाडीसारखं दिसणारं कवच, तेही लहानमोठं करायची परवानगी, म्हणूनच फोर्डच्या बाजूने फिएस्टा जाऊन पुमा आली, जी शोरूमला विकायची होती. हेतू चांगला होता, जग इलेक्ट्रिककडं चाललंय तर कंपन्यांना विकण्यासारखं काहीतरी देऊ. पण नवी कंपनी एकही आली नाही. फोर्डचं नाव लावणारी एमस्पोर्ट तर इंग्लंडची खासगी टीमच आहे, म्हणजे पूर्ण ताकदीच्या कंपन्या खरं तर दोनच.

आणि मग मधेच माप बदललं. फेब्रुवारी 2024 ला एफआयएने सांगितलं, 2025 पासून हायब्रिड काढणार. टीमांनी विरोध केला, आमची कामं झालीत, पैसे गुंतलेत. जूनमध्ये सांगितलं, नाही काढत. नोव्हेंबरमध्ये परत सांगितलं, काढतोच. 2025 ला हायब्रिड गेलं, कमीत कमी वजन 1260 वरून 1180 किलो, रेस्ट्रिक्टर 36 वरून 35. भाचा आणि मी जी मॉन्टे कार्लो बघत होतो ती ह्या नव्या मापाची पहिली रॅली. नऊ महिन्यांत तीन वेळा बदललेला निर्णय बघून बाहेर उभी असलेली कंपनी आत कशी येईल, तुम्हीच सांगा. हायब्रिड ठेवणं बरोबर की काढणं, ह्यावर मी वाद घालत नाही, गाड्या हलक्या झाल्या ते मला आवडलंच. पण एक काय ते ठरवा आणि त्यावर राहा.

टोयोटाची जीआर यारिस ह्याचंच उदाहरण. 2020 ला रॅली डोक्यात ठेवून काढली, तीन दारांची, चारी चाकांची, पण तोपर्यंत वरच्या वर्गाचा नियमच बदलायला निघाला आणि मुख्य गाडीसाठी ती उपयोगी पडली नाही. शेवटी 2024 पासून खालच्या रॅली2 वर्गात ती उतरली.

ह्या रॅली2 वर्गाकडं नीट बघा. जगभर टीमांना विकायच्या गाड्या, खर्चावर मर्यादा, आणि नियम बऱ्यापैकी एकाच जागी थांबलेला, आर5 ह्या नावाने 2013 पासून चाललाय. तिथं स्कोडा, ह्युंदाई, सिट्रोएन, फोर्ड, टोयोटा सगळ्यांच्या गाड्या आहेत. लॅन्सिया इतक्या वर्षांनी परत यायचं म्हणाली तेव्हा तीही ह्याच दाराने, इप्सिलॉनची रॅली2 गाडी काढून.

2027 पासून वरच्या वर्गात येणारा नियम ह्यावरूनच शिकून केल्यासारखा दिसतो. एका गाडीची किंमत 3,45,000 युरोच्या आत, म्हणजे आपले तीन-साडेतीन कोटी, ताकद रॅली2 च्या आसपास 300 हॉर्सपॉवर, बरेच पार्ट रॅली2 चेच चालतील, आणि मोठ्या कंपनीशिवाय गाडी बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनाही प्रवेश. कंपनी नाही आली तरी गाड्या कमी पडू नयेत ही त्यातली खरी गोष्ट. मला हे पटतं. दोन मोठ्या घरांवर अख्खी जत्रा चालवायची म्हणजे एक घर उठलं की मैदान ओस.

शेवटी भाच्याने विचारलं, आपली कुठली कंपनी का नाही? गाडी कंपनीचं उत्तर सोपं आहे, ज्या देशात रॅलीचा प्रेक्षक गाडीचा गिऱ्हाईक होत नाही तिथली कंपनी पहिल्या हिशोबालाच थांबते. पण एक आपलं नाव पोचलंय, एमआरएफ. डब्ल्यूआरसीत टायर एकाच कंपनीचे घ्यायचा नियम आहे, तिथं एमआरएफला जागाच नाही. युरोपियन रॅली चॅम्पियनशिपमध्ये मात्र टायर कुणाचाही चालायचा, तिथं ते गेले, आणि 2022 ला एफ्रेन यारेना एमआरएफच्या टायरवर चॅम्पियन झाला. त्याच्या आधी एमआरएफच्याच टीमकडून, स्कोडाची फाबिया चालवून, आपल्या गौरव गिलने 2013, 2016 आणि 2017 ची आशिया-पॅसिफिक रॅली चॅम्पियनशिप आणलेली.

हे ऐकल्यावर पोरगं मॉन्टे कार्लो सोडून यारेनाचे व्हिडिओ लावून बसलं, आणि पॉझ करून करून टायरवरचं नाव वाचत होतं.